बदलून टाका!

मराठीत थोर वचनांना तोटा नाही. पण अलीकडे त्यांच्या पंगतीत एक नवं वचन न बोलावता पाट मांडून बसलं आहे, आणि सगळ्यात जास्त जेवतंय तेच. ते वचन म्हणजे ‘बदलून टाका!’ मिक्सर घरघरतो? बदलून टाका. चष्म्याची काडी सैल झाली? बदलून टाका. गुडघा कुरकुरतो? तोही बदलून टाका. गुडघ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कारण तिथे आत डोकावून बघायची माझी तयारी नाही. माझं भांडण आहे ते हे वचन मोटारीच्या हीटरच्या पंख्याला लावणाऱ्या लोकांशी.

आता पुण्या-मुंबईचा वाचक म्हणेल, हीटरचा पंखा हा काय भांडायचा विषय झाला? त्याची मोटार वर्षातले अकरा महिने आपोआपच गरम असते, आणि बाराव्या महिन्यात तो काच खाली करून ‘वा, काय गारवा आहे!’ म्हणतो. मी राहतो मिनेसोटात. इथे गारवा नसतो. इथे जे असतं त्याला मराठीत शब्द नाही, कारण ज्यांनी मराठी भाषा घडवली ती माणसं शहाणी होती. ती इथे आली नाहीत. ३० जानेवारी २०१९ या दिवशी मिनिॲपोलिसला पारा उणे तेहेतीस सेल्सिअसपर्यंत उतरला होता. त्या दिवशी टपालखात्यानेसुद्धा पत्रं वाटायचं थांबवलं. राज्याच्या उत्तरेला टॉवर नावाचं गाव आहे, तिथे २ फेब्रुवारी १९९६ ला उणे एक्कावन्न नोंदलं गेलं. उणे चाळीसला फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांचा आकडा एकच होतो हे शाळेत घोकलं होतं. पण या माहितीचा कुणाच्या आयुष्याशी संबंध येऊ शकतो, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

अशा हवेत मोटारीचा हीटर ही चैन नव्हे. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा नियमांतला १०३ क्रमांकाचा नियम १९६८ पासून सांगत आला आहे, की पुढच्या काचेवरचं दव आणि बर्फ घालवायची सोय प्रत्येक मोटारीत हवीच. सरकारने आपल्या पायांच्या बोटांची चिंता वाहिलेली नाही, काचेची वाहिली आहे, आणि ते बरोबर आहे. पंखा बंद पडला की आधी पाय गारठतात, पण खरा घात होतो काचेवर. आपला श्वास काचेला आतून जाऊन चिकटतो आणि तिथेच गोठतो. बाहेरचा बर्फ खरवडता येतो. आपलाच श्वास खरवडायची वेळ आली म्हणजे माणूस थोडा तत्त्वज्ञ होतो.

विद्यापीठात नवीन आलेली आपली दोन मुलं मी अशी येताना पाहिली आहेत. पंधरा वर्षांची जुनी गाडी, पंखा बंद. एक जण चालवतोय आणि शेजारचा बँकेच्या कार्डाने काच आतून खरवडतोय. दोघांच्या मिळून चार डोळ्यांसाठी काचेत बशीएवढं भोक. ताशी शंभर किलोमीटरच्या रस्त्यावरून ती आली होती. मी विचारलं, "अरे, दुरुस्त का करून घेत नाही?" तर म्हणाली, "काका, गॅरेजवाला सातशे सांगतो. बदलून टाकावं लागेल म्हणतो. आता मार्चपर्यंत काढतो कसंतरी." मार्चपर्यंत! माझ्या भांडणाचं मूळ तिथे आहे. कारण त्यांच्या गाडीला लागलं होतं ते काही डॉलर्सचं काम.

हीटर नावाच्या गोष्टीत मुळात गूढ काही नाही. पेट्रोल जाळून जी शक्ती निघते तिच्यातला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. उरलेली सगळी उष्णता. ती घालवण्यासाठी इंजिनाभोवती पाणी खेळवतात. पाणी म्हणजे निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल, म्हणून ते उणे पस्तिसापर्यंत गोठत नाही. हे पाणी नव्वद अंशांच्या आसपास तापतं. त्यातलंच थोडं डॅशबोर्डामागे लपवलेल्या एका छोट्या रेडिएटरातून फिरवतात, आणि त्यावरून पंखा हवा ढकलतो. म्हणजे उष्णता फुकटची, नाहीतरी वाया जाणारी. १९३८ साली नॅश कंपनीने बाहेरची हवा आत घेऊन, तापवून, पंख्याने ढकलायची रीत बाजारात आणली, आणि मूळ कल्पना आजतागायत तीच आहे. पंखा बंद पडतो तेव्हा स्वयंपाक तयार असतो, पानं मांडलेली असतात, फक्त वाढपी जागेवर नसतो. अशा वेळी शहाणा यजमान वाढपी कुठे गेला ते बघतो. आचारी, कार्यालय आणि व्याही बदलून टाकत नाही.

परवाच्या जानेवारीत माझ्या गाडीच्या पंख्याने असहकार पुकारला. एकवर नाही, दोनवर नाही, तीनवर नाही. चारावर मात्र वादळ. मी गाडी एका गॅरेजात नेली. गॅरेज म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते नव्हे. इथे गालिचा होता, कॉफी होती, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं, आणि काउंटरमागे इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण होता. त्याने माझं नाव विचारलं, फोन विचारला, विमा विचारला, मागच्या वेळी टायर कधी बदलले ते विचारलं. पंखा कोणत्या आकड्यावर चालतो, एवढं मात्र विचारलं नाही. मी आपण होऊन सांगू लागलो, तर त्याने अतिशय प्रेमळपणे "आमचे लोक बघतील" म्हणून मला कॉफीकडे पाठवलं.

दीड तासाने कागद आला. पंख्याची मोटर, तिची जाळी, स्विचचा संपूर्ण पट्टा, फिल्टर, मजुरी. एकूण सातशे चाळीस डॉलर. "पण बिघडलंय काय?" मी विचारलं. "हे सगळं बदललं की चालेल," तो म्हणाला.

चालेलच! त्यात माझ्या मनात शंका नाही. गाडीच बदलली तर आणखी चांगला चालेल. पण ही यादी म्हणजे निदान नव्हे, लग्नाचा बस्ता आहे. ज्याला काय बिघडलंय ते माहीत नाही, तो सगळं बदलायला सांगतो. आणि ज्याला माहीत असतं त्यालाही सगळं बदलण्यातच फायदा असतो. दोघांचा कागद एकसारखाच दिसतो, हे या धंद्याचं सौंदर्य. तपासणीचे म्हणून दीडशे डॉलर त्यांनी घेतले ते निराळेच. काय तपासलंत असं विचारल्यावर पावती दाखवली. तीवर लिहिलं होतं: ‘हीटर तपासला.’

गॅरेजवाला निदान पोटासाठी म्हणतो. पण आपली माणसं फुकटात म्हणतात, त्याला काय करावं?

त्याच आठवड्यात मंडळाची संक्रांत होती. बाहेर उणे बावीस, आत शाळेच्या हॉलमध्ये हळदीकुंकू. तिळगूळ कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत रात्रभर राहिल्यामुळे गोड बोलायच्या आधी दाताच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल, असा झाला होता. मी पंख्याचा विषय काढला मात्र, भोवती घोळका जमला. मोजले तर त्यात सहा जण मेकॅनिकल इंजिनियर होते. त्यातले दोघे पुण्याचे, एक सांगलीचे, एक व्हीजेटीआयचे. सगळे पहिल्या वर्गातले. थर्मोडायनॅमिक्सचे नियम झोपेत म्हणणारे. एक जण म्हणाले, "मोटर गेली. बदलून टाका." दुसरे म्हणाले, "या मॉडेलचा प्रॉब्लेमच आहे. गाडी बदलून टाका." तिसऱ्यांनी गेल्या वर्षी स्वतःच्या गाडीचं काय काय बदललं त्याची कथा सुरू केली. कॉम्प्युटरवाले एक मित्र म्हणाले, "बॅटरीची वायर काढून परत लावून बघितली का?" त्यांच्या शास्त्रात सगळ्या आजारांवर तेवढं एकच औषध आहे.

कडेच्या खुर्चीवर शाल, स्वेटर आणि वर पुन्हा लेकाचं जाकीट अशा थरांमध्ये एक आजी बसल्या होत्या. नातवंडासाठी इचलकरंजीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"काय रे बाळा, पंखा अजिबात फिरत नाही का?"

"फिरतो आजी. पण फक्त चारावर."

"आणि आकडे किती आहेत?"

"चारच."

"मग पंख्याला काय धाड भरलीय? रेग्युलेटर जळालाय त्याचा," असं म्हणून त्यांनी तिळगुळाची वडी चहात बुडवली.

सहा इंजिनियर आणि एक गालिचावालं गॅरेज यांना जे जमलं नाही ते या बाईंनी शालीतून तोंड बाहेर काढून सांगितलं. कारण त्यांच्या माजघरात पस्तीस वर्षं एक पंखा होता, आणि भिंतीवर त्याचा तो जुना, काळा, डबड्यासारखा रेग्युलेटर होता. आठवतोय ना? उन्हाळ्यात हात लावला तर चटका बसायचा. त्याच्यात तारेची वेटोळी असायची. एकवर ठेवला की वीज सगळ्या वेटोळ्यांतून धापा टाकत जायची आणि पंखा माश्या हाकलल्यासारखा फिरायचा. पाचावर वेटोळी वगळून वीज सरळ पंख्यात. वेटोळं जळालं की पंखा उरायचा फक्त पाचावर. (घाबरलेल्या माणसाची पाचावर धारण बसते ती कशी, याचा उलगडा मला त्या डबड्याकडे बघून झाल्यासारखा वाटे. भाषातज्ज्ञांना मान्य नसावा.)

मोटारीत हुबेहूब तेच आहे. तिथे त्याला रेझिस्टर म्हणतात. एक, दोन, तीन हे वेग वेटोळ्यांतून येतात; सर्वात वरचा वेग सरळ. त्यामुळे वरच्या आकड्यावर पंखा चालत असेल, तर मोटर जिवंत आहे हे मोटरच ओरडून सांगत असते. नव्वद टक्के मार्क मिळवलेल्या माणसांना ते ऐकू येत नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष बदलायचं काय याकडे लागलेलं असतं.

ड्रायव्हरशेजारच्या जागेपुढे जो खण असतो त्याच्या खाली, गुडघ्यावर बसून मान वाकडी केली की हा रेझिस्टर बहुतेक गाड्यांत सापडतो. दोन स्क्रू आणि एक वायरीचा खटका. आमच्या गॅरेजात उणे अठरा होतं. सौ.ने टॉर्च धरला होता. "अहो, लवकर करा, माझी बोटं गेली," असं तिने तिसऱ्यांदा म्हटल्यावर आम्ही जागा बदलल्या. तिचा हात लहान, त्यामुळे आतला स्क्रू तिनेच सहज काढला. मी टॉर्च आणि इंजिनियरिंगची पदवी धरून उभा राहिलो. नवा रेझिस्टर चौतीस डॉलर.

पण इथे थांबलो असतो तर मीही ‘बदलून टाका’वाल्यांच्याच पंथात जमा झालो असतो, फक्त स्वस्तातल्या शाखेत. रेझिस्टर जळाला का, हा प्रश्न शिल्लकच होता. तारेची वेटोळी कुणी गंमत म्हणून जळत नाहीत. ती मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेली असतात, म्हणजे पंख्याचाच वारा त्यांना थंड ठेवतो. आणि अतीच तापली तर त्यांच्यावरचा बारकासा फ्यूज तुटून खालचे सगळे वेग एकदम जातात. वारा अडला की वेटोळी तापणार. किंवा मोटरचं बेअरिंग म्हातारं झालं, ती जड फिरू लागली, की जास्त करंट ओढणार आणि पुन्हा यांनाच ताप. मूळ तसंच ठेवून नवा रेझिस्टर बसवला तर तोही पुढच्या संक्रांतीपर्यंत सती जातो, आणि मालक म्हणतो, "पार्टच डुप्लिकेट होता."

आम्ही मोटर हाताने फिरवून पाहिली. कुरकुर नाही, लोण्यासारखी फिरली. मग फिल्टर ओढला. तो आला नाही. जोर केल्यावर आला, आणि त्याच्याबरोबर एका उंदराचा संसार आला. कापसाचे पुंजके, वाळकी पानं, आणि शेजारीणबाई पाखरांसाठी अंगणात टांगतात त्या सूर्यफुलाच्या बियांची हिवाळाभर पुरेल एवढी बेगमी. घरधनी बाहेर गेलेले असावेत. थंडीत उंदीर बॉनेटखालच्या झरोक्यातून आत शिरतात, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. सातशे चाळीस डॉलरच्या कागदात फिल्टर बदलायचा होता खरा, पण तो उघडून पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, सगळ्यांनाच हे कसं जमणार? न जमो. डॅशबोर्ड उपटून काढायचा असेल, पिवळ्या वेष्टणातल्या वायरी दिसत असतील (त्या एअरबॅगच्या, त्यांच्याशी ओळख वाढवू नये), तर गॅरेजात जावंच. चांगला मेकॅनिक देवमाणूस असतो. तो आधी विचारतो, आधी ऐकतो. माझं म्हणणं एवढंच, की दवाखान्यात जाताना निदान कुठे दुखतं ते तरी सांगता यावं. कुठल्याच आकड्यावर पंखा चालत नसेल तर फ्यूज बघावा. पंख्याचा बहुधा तीस किंवा चाळीस अँपिअरचा असतो. तो गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ‘परत जायला नको’ म्हणून दुप्पट ताकदीचा बसवला. फ्यूज गेला नाही, वायर वितळली. फ्यूज ठीक असेल तर पंखा पूर्ण वेगावर ठेवून मोटरच्या खटक्याशी वीज पोचते का ते पाहावं. बारा व्होल्ट पोचत असून मोटर गप्प असेल तर आधी अर्थिंग, मग मोटर. पोचतच नसेल तर मोटर बिचारी निर्दोष आहे, मागे रिलेकडे आणि स्विचकडे जावं. मल्टिमीटर नसेल तर खणाखालच्या त्या गोल डब्याला मुठीने हलकेच ठोकावं. ठोकल्यावर फिरू लागला तर कार्बन ब्रश झिजले, मोटरचे दिवस भरले, आता मात्र खुशाल बदला. माझा आशीर्वाद आहे. आणि वारा येतोय पण गारच येतोय, तर त्यात पंख्याचा गुन्हा नाही. ते कूलंटचं, नाहीतर थर्मोस्टॅटचं प्रकरण. इंजिन थंड असताना पातळी बघा. गरम असताना झाकण उघडायला जाऊ नका.

एवढं सगळं सहा इंजिनियरांना येत नव्हतं असं नाही. त्यांना येतच होतं. परीक्षेत आलं असतं तर आकृतीसह लिहिलं असतं. अडचण निराळी आहे. आपल्याकडे हात काळे होणं हे फार पूर्वीपासून दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे. शिकायचं ते हात पांढरे ठेवण्यासाठी. मुलगा मेकॅनिकल झाला म्हणजे त्याला स्क्रू-ड्रायव्हर धरावा लागणार नाही, अशी आईबापांची समजूत असते आणि मुलगा जन्मभर ती पाळतो. इथला बँकेचा मॅनेजर शनिवारी गाडीखाली आडवा पडतो, सोमवारी टाय बांधतो, आणि त्याची अब्रू दोन्ही दिवस शाबूत असते. आपण सातासमुद्रापार आलो, गोमांसाच्या दुकानाशेजारी घर घेतलं, पण ग्रीस लागलेल्या हाताचं सोवळं काही सुटलं नाही. त्या सोवळ्याची किंमत ती दोन मुलं बशीएवढ्या भोकातून रस्ता बघून देतात. कारण त्यांना विचारायला जे काका आहेत ते ‘बदलून टाका’ म्हणतात.

कायद्याने मदत करावी तर तिथेही गंमत आहे. आमच्या मिनेसोटाने २०२३ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. १ जुलै २०२४ पासून तो लागू झाला. फोन, कॉम्प्युटर, घरातली यंत्रं यांचे सुटे भाग आणि माहिती कंपनीने गिऱ्हाइकाला दिली पाहिजे, असा चांगला कायदा. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात कळलं की त्यातून मोटारी वगळल्या आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच मोटारींसाठी असा कायदा मतपेटीतून करून घेतला आणि २०२० मध्ये आणखी पुढे नेला. पण मॅसॅच्युसेट्स पडलं दूर, आणि हिवाळा पडतो इथे.

आणि नव्या गाड्यांचं तर विचारूच नका. तिथे आकड्यांची चकतीच नाही. वेटोळ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबी बसली आहे, त्यामुळे पंखा आता एक-दोन-तीन असं सांगून मरत नाही, मुकाट्याने मरतो. आजींच्या विद्येलाही तिथे मर्यादा पडते.

संक्रांतीच्या घोळक्यात ज्यांनी गाडी बदलून टाका म्हणून सांगितलं होतं, त्यांनी स्वतः ती बदलली. मोठी, काळी, डॅशबोर्डभर पडदा असलेली. फेब्रुवारीत एका रात्री त्यांचा फोन आला. विमानतळावरून निघाले होते, मागे वहिनी आणि भारतातून नुकतेच उतरलेले सासू-सासरे.

"पंखा बंद पडला हो! पडद्यावर सात दाखवतोय, पण आत काही नाही. काच भरत चाललीय. मी कडेला थांबलोय."

"काच दोन बोटं खाली करा, श्वास बाहेर जाऊ दे," मी म्हटलं. "आणि वहिनींच्या पुढचा तो खण आहे ना, त्याच्या खाली एक मूठ मारा."

"मूठ? अहो, साठ हजार डॉलरची गाडी आहे!"

"मग हळू मारा."